पाचवीची रात्र आणि बाळंतिणीची झोप



लोहारा तालुक्यातील या सास्तूर गावी बोलावयास उभे राहिले की मन प्रथम ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या पहाटेकडे धावते. त्या पहाटे कोसळलेल्या घरांचा पंचनामा झाला, मृतांच्या याद्या झाल्या, नुकसानभरपाईचे कागद जिल्ह्याला रवाना झाले. परंतु माणसांच्या अंतःकरणात जे कोसळले, त्यासाठी दफ्तरात रकाना नव्हता. पुढे येथे स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले आणि या भूमीने पुन्हा लेकरांचे पहिले रडणे ऐकले. त्या लेकरांच्या मातांच्या मनाचा पंचनामा करणे, हा आजचा माझा विषय आहे.

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे भरून येणे पुष्कळ जणींच्या वाट्यास येते आणि दोन आठवड्यांच्या आत ते ओसरते. मात्र हजार बाळंतिणींमागे एखाद-दोघींना, बहुधा पहिल्या पंधरवड्यातच, जो तीव्र मनोविकार जडतो, तो सर्वस्वी निराळा आहे: निद्रा नाहीशी होते, बोलणे असंबद्ध होते, क्षणात उल्हास तर क्षणात भय दाटते, आणि हे लेकरू आपले नव्हेच, असा भ्रमही दृढ होऊ शकतो. 'वारं लागलं', 'बाहेरचं झालं' म्हणत घर देवऋष्याकडे वळते, आणि उपचाराने बहुधा पूर्ण बऱ्या होणाऱ्या या व्याधीची मोलाची मुदत वाया जाते.

माझ्या उमेदवारीच्या काळातील एक बाळंतीण मला विसरता येत नाही. तिचा ताप पाहिला, टाके पाहिले, रक्तस्राव पाहिला आणि 'प्रकृती ठीक' असा शेरा मी स्वहस्ते लिहिला. दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे मी विचारलेच नाही. तिसऱ्या रात्री लेकराला पदराखाली घेऊन विहिरीकडे निघालेल्या तिला सासूने उंबऱ्यातच धरले, कारण सासू जागी होती. त्या माउलीची जाग माझ्या विद्येहून श्रेष्ठ ठरली.

आशाताई जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. यांतील पहिल्या तीन भेटी नेमक्या त्या धोक्याच्या पंधरवड्यात पडतात. त्यांच्या तपासणीच्या कागदावर माता असंबद्ध बोलते काय वा तिला झटके येतात काय, असा प्रश्न असतो. परंतु केवळ खूण करून तो उरकता येणार नाही. खाटेशी बसून विचारावे, ''लेकरू निजल्यावर तुला नीज येती का, बाई? त्याच्याविषयी मनात काही भलतंसलतं येतंय का?'' उत्तर भयंकर आले तरी तिला दटावू नये, एकटी सोडू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठण्याची तजवीज करावी.

गरोदरपणातच मागील बाळंतपणाचा आणि मनोविकाराचा इतिहास नोंदवावा, कारण उन्माद व औदासीन्य आलटून-पालटून येणाऱ्या विकाराच्या स्त्रीला बाळंतपणानंतरच्या त्या तीव्र मनोविकाराचा धोका अनेक पटींनी अधिक असतो. दिवस राहिले म्हणून औषधे परस्पर बंद करू नयेत. कोणते चालू ठेवावे, कोणते बदलावे, हा निर्णय डॉक्टरांच्या अखत्यारीतला आहे.

उपचार म्हणजे ताटातूट, असे मात्र कोणी समजू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मनोरुग्णालयात राहणाऱ्या मातेपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करावयाचे नाही. आणि बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २००९ पासून माता व बालक यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग चालू आहे. मराठवाड्यातल्या बाळंतिणीला त्यासाठी परराज्याची वाट धरावी लागू नये, तशी तरतूद जिल्ह्याजिल्ह्यांत व्हावी, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई लेकराचे भाग्य लिहावयास येते, म्हणून घर जागते. ती जाग मोडू नका. फक्त तिचे वाटप बदला. आजीने लेकरू घ्यावे, बापाने दिवा सांभाळावा, परिचारिकेने कान उघडे ठेवावेत, आणि त्या रात्री, व पुढच्या चाळीस रात्रीही, बाळंतिणीला निजू द्यावे.