काळ्या जमिनीतील औषधांचा प्रवास

मेहकर परिसरात कपाशी-सोयाबीनवर फवारलेल्या औषधाचा बराच अंश जमिनीवरच पडतो. पैनगंगेच्या खोऱ्यातील काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे. तिचे सूक्ष्म कण व सेंद्रिय द्रव्य औषधाला धरून ठेवतात. मात्र सर्वच औषधांना नव्हे. पेंडीमेथॅलिन पाण्यात फारसे विरघळत नाही, ते मातीला घट्ट चिकटते. सोयाबीनमधील इमॅझेथापायर हे तणनाशक विम्ल जमिनीत ऋणभारित असते. चिकणमातीचे कणही ऋणभारितच, त्यामुळे ते सैल राहून पाण्याबरोबर सरकते.

धरून ठेवणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. शेतीतील डी.डी.टी.वर १९८९ मध्ये बंदी आली, ती अशाच चिवटपणामुळे.

उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी मातीशी फारसा संपर्क न येता त्यांतून थेट खाली उतरते. पुढे माती फुगून भेगा मिटतात आणि पाणी वरून वाहू लागते. तेव्हा घट्ट चिकटलेले औषधही गाळासोबत नाल्यात जाते. म्हणून उताराला आडवी पेरणी करावी, शेणखत द्यावे व पावसाचे चिन्ह असता फवारणी टाळावी. फवारणी पंप विहिरीच्या काठावर तर मुळीच धुऊ नये. तेथे मातीची गाळणी मध्ये येतच नाही.