जूनचा हिशेब

(वस्तीतल्या वाचनालयात रविवारी संध्याकाळी झालेलं भाषण. जसं बोललं गेलं तसंच छापलं आहे.)

दोस्तांनो,

तुम्ही मला विषय दिला होता, 'लेखकाची बांधिलकी'. मे महिन्यात दिला. मी लगेच हो म्हणालो. वाटलं, महिना आहे हातात, चांगलं वीस पानी लिहून काढू. मग जून आला. आज तीस तारीख उलटून गेली आणि माझ्याकडे भाषणाचं एक पानही नाही. आहे ती ही वही. किराणा मालाचा हिशेब लिहायची. तिच्यात महिनाभराचं टाचण आहे. तेच सांगतो. बांधिलकी त्यात सापडली तर घ्या, नाही सापडली तर सोडून द्या.

मी घाटकोपरच्या डोंगरावर राहतो. सकाळी पाचला नळ. साडेसातला लोकल. दिवसभर एका गोदामात चलनं लिहितो. पहिल्या तारखेची नोंद: ताडपत्री आणली, बांबू आणले, मेहुण्याला बोलावलं. दुसरी तारीख: मेहुणा आला नाही. चौथी तारीख: पाऊस आला. पाचवी तारीख: कवितेच्या वहीतली अर्धी पानं भिजली. त्या महिन्यात कवितेशी माझा आलेला एवढाच संबंध, पानं दोरीवर वाळत घातली.

बाकी काय केलं? अर्ज लिहिले. वस्तीत मला 'रायटर' म्हणतात. आमच्याकडे रायटर म्हणजे अर्ज लिहून देणारा. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं, रायटरकडे जा. उत्पन्नाचा दाखला पाहिजे, रायटरकडे जा. जन्मभर धुणीभांडी करून एका म्हातारीच्या बोटाच्या रेषाच झिजल्या, रेशनच्या मशीनला अंगठा लागेना. तिचा अर्ज. वहीत मोजले, जूनमध्ये एकतीस अर्ज. कविता शून्य. मला राग यायचा. वाटायचं, साला, आपण लेखक की तहसील कचेरीबाहेरचे टायपिस्ट?

आता एका अर्जाचं सांगतो. तो सांगायलाच आज उभा राहिलोय.

शेजारची मावशी. सफाईच्या कंत्राटावर आहे. तिची पोरगी दहावी झाली, चांगल्या मार्कांनी. पॉलिटेक्निकला जायचं म्हणते. त्याला जातीचा दाखला पाहिजे. दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा पाहिजे. आता गंमत बघा. घरात बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो, जातीचं नाव कुणी तोंडातून काढत नाही. आणि कागदासाठी तीच जात जुन्या दप्तरात उकरून काढायची. पणजोबा शाळेत गेलेला नाही. त्याला शाळेत घेतलंच कोणी होतं? म्हणजे शाळेचा दाखला नाही. जमीन नाही, म्हणजे सातबारा नाही. राहिली एकच जागा, गावच्या जन्ममृत्यूची नोंद. कोतवाल बुक. त्याची नक्कल मिळवायची.

मी नकलेचा अर्ज लिहिला. दोन पानं. मनापासून लिहिला. पिढ्यान्‌पिढ्यांचा अंधार आला, गावकुसाबाहेरचं जिणं आलं, मुंबईची वाट आली. वाचून माझंच मन भरून आलं. मावशी खाडा करून, रात्रीच्या एसटीने नगर जिल्ह्यातल्या तालुक्याला गेली. अर्ज परत आला. वर लाल शाईने 'त्रुटी'.

मावशी म्हणाली, "लई ग्वाड लिव्हलंस बाबा. पर तो सायेब म्हनला, काय पायजे तेच न्हाई यात."

खरंच नव्हतं. पणजोबाचं नाव होतं, बापाचं नव्हतं. जन्माचं साल अंदाजाने सुद्धा दिलं नव्हतं. दोन पानांत गावाचं नाव एकदाही आलं नव्हतं, 'आमचा गाव' आला होता. दोस्तांनो, माझ्या साहित्यावर आजवर झालेली ही सगळ्यात खरी टीका. आणि तिची किंमत मी नाही मोजली. आठ दिवस गेले. कागद तपासणीची तारीख गेली.

मग मी दोन दिवस बिनपगारी रजा टाकली आणि मावशीबरोबर गेलो. या वेळचा अर्ज सहा ओळींचा. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, जुन्या बुकात अहमदनगर, त्यावरही वाद झाला. शेवटी दप्तर निघालं. पिवळं पान, मोडीतली एकच ओळ. तारीख, बापाचं नाव, जात, 'मुलगा'. बापाच्या नावाला शेवटी 'या' लावलेला. आपल्या माणसांची नावं अशीच लिहायचे, हाडहूड केल्यासारखी. लिहिणाऱ्याला काही बांधिलकी नव्हती. पण तारीख बरोबर होती, गाव बरोबर होतं. त्या ओळीच्या जोरावर त्या मुलाची पणती आज कॉलेजच्या दारात उभी राहू शकते. आणि बांधिलकीवाल्या माझ्या दोन पानांनी तिचे आठ दिवस खाल्ले.

मी काय म्हणतो ते नीट ऐका. कविता सोडा असं मी म्हणत नाही. 'या' लावणाऱ्याच्या हातातून लेखणी घ्यायलाच आपण लिहायला लागलो. पण लेखणी घेतली तर त्याच्याइतकं नेमकं तरी लिहा.

आणि वेळ मिळत नाही ही रड बंद करा. ही मी स्वतःलाच सांगतोय. परळच्या चाळीतल्या एका खोलीत बाबासाहेब रात्री दोनला उठून अभ्यासाला बसायचे, वडील तोवर जागे राहून त्यांना उठवायचे. अण्णाभाऊ इथेच, आमच्या घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडीत बसून लिहीत होते. बेबीताई कांबळे फलटणला दुकान सांभाळत लिहायच्या, घरच्यांपासून कागद लपवायच्या, तेही वर्षानुवर्षं. 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून आलं १९८६ साली.

हे मी घरी बायकोला मोठ्या उमाळ्याने सांगितलं. म्हणालो, यंदाचा जून फार कामाचा गेला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा बिनकामाचा कुठला गेला, तेवढा सांगा."

वहीत याला उत्तर नाही. माझ्या एकतीस अर्जांच्या वेळी नळावर कोण होतं, ताडपत्रीचं पाणी कोण उपसत होतं, हे मी लिहूनच ठेवलं नव्हतं. म्हणजे माझ्याही दप्तरात एक माणूस गाळलेलंच आहे. जुलैपासून सकाळचा नळ माझ्याकडे. हे इथे चारचौघांत बोलतोय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

मावशीच्या पोरीचा दाखला सत्तावीस तारखेला हातात आला. पहिली फेरी हुकली होती. दुसरीत नाव लागेल, नाही लागेल. मी तिला म्हणालो, चूक माझी. ती म्हणाली, "काका, पुढचा अर्ज मी लिहिते, तुम्ही फक्त तपासा." तिने लिहिला. माझ्यापेक्षा चांगला.

तर बांधिलकीवर माझं म्हणणं एवढंच. दर बुधवारी रात्री आठला याच खोलीत अर्ज लिहायला बसू. ज्याचा अर्ज त्याच्याकडून आधी नीट ऐकून घ्यायचं, मग लिहायचं. लिहिलेलं वाचून दाखवायचं. प्रत ठेवायची आणि कचेरीतून पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. त्यानंतर ज्याला कविता वाचायची त्याने वाचावी. मीही वाचीन, पानं वाळलीत आता.

येताना पेन घेऊन या. माझं पोरीकडे आहे.

जय भीम.