संगणकाची कीड आणि वेगळी कणगी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय कळविला तेव्हा पत्रात ‘संगणकावरील विषाणूंचे निर्मूलन’ असे भारदस्त शब्द होते. निर्मूलन हा शब्द देवीच्या रोगाला शोभतो. येथे तो तितकासा खरा नाही. आपल्या हाती आहे ते एवढेच, की आपल्या दुकानातले किंवा घरातले यंत्र स्वच्छ करावे आणि जी जादा प्रत आपण बाहेरच्या डिस्कवर ठेवतो, जिला बाजारात बॅकअप म्हणतात, ती त्या यंत्राबरोबर बुडू देऊ नये. माझा सारा भर या दुसऱ्या गोष्टीवर राहणार आहे. यंत्र नवे विकत मिळते. मोंढ्यातल्या एखाद्या पेढीची दहा वर्षांची खाती विकत मिळत नाहीत.

प्रथम एक समजूत दूर करू. ‘यंत्राला हवा लागली’ असे आपल्याकडे म्हणतात. पण हा विषाणू धुळीतून येत नाही, उन्हाळ्याने येत नाही. तो कोणा माणसाने बसून लिहिलेला प्रोग्रॅम असतो. टॅली हाही प्रोग्रॅमच. फरक असा, की टॅली आपण सांगू ते करते. हा दुसऱ्याने सांगितलेले करतो आणि संधी मिळेल तेथे आपली नक्कल पुढच्या यंत्रावर ठेवून देतो. १९८६ साली लाहोरच्या अमजद आणि बासित फारूक अल्वी या बंधूंनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू लिहिला. तो फ्लॉपीवरून जगभर हिंडला. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि टेलिफोन नंबरही घातला होता! आजचे धंदेवाईक एवढे सभ्य राहिलेले नाहीत.

आपल्या भागात या किडीचा पुष्कळसा प्रवास पेनड्राइव्हमधून होतो. मुलाचा अर्ज छापायचा असतो, सातबाराची प्रत काढायची असते, म्हणून आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो. तेथल्या यंत्रात दिवसभर गावाचे पेनड्राइव्ह जात-येत असतात. घरी येऊन पाहावे तो सारी फोल्डरे नाहीशी, आणि त्यांच्या जागी त्याच नावांची, कोपऱ्यात लहानसा बाण असलेली चित्रे! माणूस घाबरतो आणि त्या चित्रावर दोनदा टिचकी मारतो. विषाणूला नेमकी तीच टिचकी हवी असते. फोल्डर उघडते खरे, पण त्याच वेळी विषाणूही कामाला लागलेला असतो.

येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की फायली कोठेही गेलेल्या नसतात. त्यांच्यावर ‘लपलेली’ आणि ‘प्रणालीची’ अशा दोन खुणा मारून ठेवलेल्या असतात, म्हणून त्या दिसत नाहीत. त्या खुणा उतरविणारी ‘अ‍ॅट्रिब’ नावाची एक ओळीची आज्ञा विंडोजमध्येच आहे. मात्र विषाणू जिवंत असताना ती चालवून उपयोग नाही; तो पुन्हा खुणा मारतो. आधी विषाणू, मग खुणा. एका बियाणे विक्रेत्याने अशी ‘कोरी’ झालेली डिस्क तीन ठिकाणी दाखविली. तिन्ही ठिकाणी ‘फॉरमॅट करा’ हाच सल्ला मिळाला. चौथ्या ठिकाणी खुणा उतरविल्या, तेव्हा सात वर्षांची बिले जशीच्या तशी निघाली. मधल्या काळात डिस्क तीन दुकानांत लावून पाहिली गेली होती. म्हणजे विषाणूचीही तेवढी यात्रा घडली, हा भाग निराळा!

हा झाला खोडकर प्रकार. दुसरा दरोडेखोराचा. तो फायली लपवीत नाही, त्यांना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. त्याला रॅन्समवेअर म्हणतात. हे दूर कोठे घडते असे समजू नका. आपले पोलादाचे कारखाने ज्या औद्योगिक वसाहतीत आहेत ती वसविणाऱ्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर, म्हणजे एमआयडीसीवर, २१ मार्च २०२१ च्या पहाटे असा घाला पडला. रविवार होता, दरोडेखोर सुट्टी पाहून येतात. विषाणूचे नाव ‘सिनॅक’. महामंडळाच्या सर्व्हरवरील माहितीला कुलपे पडली, निरनिराळ्या कार्यालयांतील काही संगणकही सापडले आणि ऑनलाइन कामकाज ठप्प झाले. परंतु वेगळ्या जाळ्यावर ठेवलेल्या जादा प्रतींना लागण झाली नव्हती, असे महामंडळानेच तेव्हा सांगितले.

या ‘वेगळ्या’ शब्दापाशी थोडे थांबू. जालना हे बियाण्यांचे गाव आहे. पुढल्या पेरणीचे बी खाण्याच्या धान्यात मिसळून ठेवणारा शेतकरी आपण पाहिला आहे काय? कणगीला सोंडे लागले तर ते खाण्याचे दाणे आणि बियाण्याचे दाणे असा भेद करीत नाहीत. आणि आपण काय करतो? हौसेने बाहेरची डिस्क घेतो, तिची वायर यंत्राला जोडतो, आणि ती बारा महिने जोडलेलीच राहते. दरोडेखोर विषाणूला ती डिस्क म्हणजे त्याच घरातली आणखी एक खोली. किंबहुना पुष्कळ विषाणू विंडोजने स्वतःहून ठेवलेल्या जुन्या प्रती आधी पुसतात आणि मग कुलपे घालतात. तेव्हा सतत जोडलेली प्रत ही प्रतच नव्हे, असे मी म्हणतो.

आता उपचाराकडे वळतो. यात क्रमाला फार महत्त्व आहे. संशय आला की पहिल्या मिनिटाला इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा. बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर ती ताबडतोब सोडवा. जोडलेली नसेल तर ‘निदान हिशेब तरी वाचवू’ म्हणून आता जोडू नका. माणसे हमखास चुकतात ती येथेच. घर पेटल्यावर तिजोरी बाहेरून आत नेण्याचा हा प्रकार आहे. त्यानंतर दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून किंवा फोनवरून बँकेचे व ईमेलचे पासवर्ड बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार लगेच नोंदवा. तेथे तासांचा हिशेब असतो.

मग यंत्राची तपासणी. विषाणू चालू असताना त्याच विंडोजच्या आतून त्याला शोधणे म्हणजे चोराच्या देखत पंचनामा करणे होय. म्हणून ‘डिफेंडर ऑफलाइन’ची सोय केलेली आहे. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि विंडोज जागी होण्यापूर्वीच झडती होते. साधारण पंधरा मिनिटे लागतात. एवढ्यानेही लक्षणे राहिली, किंवा प्रकार दरोडेखोराचा असला, तर यंत्राची डिस्क पुसून विंडोज नव्याने घालावी. अर्धवट साफ केलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो. कुलूपबंद फायली मात्र पुसण्यापूर्वी एखाद्या जादा डिस्कवर काढून ठेवा. सिनॅकच्या टोळीने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या किल्ल्या स्वतःच जाहीर केल्या आणि त्यावरून मोफत कुलूपतोड निघाली. ज्यांनी रागाने फायली फेकल्या, त्यांना त्या किल्ल्यांचा काय उपयोग?

यंत्र शुद्ध झाल्यावरच बाहेरच्या डिस्कची पाळी. आपोआप उघडण्याची सोय बंद करून ती लावावी, आत न शिरता आधी पूर्ण तपासून घ्यावी. लपलेल्या फायली व नावांची शेपटे दिसतील अशी व्यवस्था करावी. पत्रे, हिशेब, छायाचित्रे घ्यावीत. ईएक्सई, व्हीबीएस, एससीआर आणि बाणवाली एलएनके अशी शेपटे असलेले काहीही घेऊ नये. प्रोग्रॅम मूळ ठिकाणाहून नव्याने मिळतात. नंतर ती डिस्क फॉरमॅट करून पुन्हा वापरात घ्यावी, आणि शक्य तर तिला एक जोडीदारीण आणावी. एका आठवड्यात एक, दुसऱ्यात दुसरी. काम झाले की दोन्ही कपाटात. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी. मार्चअखेरीस ऐनवेळी उघडून रिकामी निघालेली प्रत मी पाहिली आहे.

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे: ‘फॉरमॅट केल्यावर विषाणू उरतो काय?’ डिस्कवर सहसा उरत नाही. उरतो तो बहुधा ज्या पेनड्राइव्हमधून आला त्यात, आणि तो पेनड्राइव्ह अजून शर्टाच्या खिशातच असतो. तोही तपासायला काढा.