दयेचा पाठ नजरेतून



आज मला एकच आग्रह धरायचा आहे. ‘प्राण्यांवर दया करा’ असा उपदेश पुरे झाला. आता मुलांना प्राणी नीट बघायला शिकवू या. दया त्या बघण्यातूनच येते.

शैक्षणिक दूरचित्रवाणीच्या आपल्या कामामागे मोठी परंपरा आहे. १९७५-७६ या वर्षात उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली आणि सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७४ मध्ये, विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट आला. त्यातले जाळ्यात अडकलेले पक्षी आणि जाळं कुरतडणारे उंदीर अख्ख्या पिढीच्या मनात घर करून बसले. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. मराठी मुलांच्या या हक्काच्या संस्थेला २०१७ मध्ये टाळं लागलं, याची खंत या व्यासपीठावरून व्यक्त केलीच पाहिजे.

पंचतंत्रापासून आपले प्राणी माणसासारखे बोलत आले. गोष्टीत ते शोभतं. पण गोष्टीतल्या सशावर जीव टाकणारं मूल गल्लीतल्या कुत्र्याला सहज दगड मारतं, कारण त्या कुत्र्याचं बोलणं त्याला कुणी समजावलेलंच नसतं. शेपूट पायांत दडलेली, कान मागे पडलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, जीभ पुन्हा पुन्हा ओठांवरून फिरतेय. हा कुत्रा घाबरला आहे. कॅमेरा तिथेच थांबू द्या. पार्श्वसंगीत बंद करा, निवेदकाला गप्प बसवा आणि मग विचारा, “याला काय होतंय?” उत्तर मुलांना शोधू द्या. हा पाठ कुत्र्याला दगडापासून आणि मुलाला चाव्यापासून वाचवतो. कुत्रा चावलाच, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, हेही त्याच भागात सांगा.

नागपंचमीचंही तसंच. दूध हा नागाचा आहार नाही. सणाआधी तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते पितो. त्याची ही तहान कळलेलं मूल घरच्या मोठ्यांनाही दोन शब्द समजावून सांगेल.

आज मुलांच्या हातातला मोबाइल वेगळेच धडे देतो. मांजराच्या मागे गुपचूप काकडी ठेवायची, ते दचकून उडालं की हसायचं. त्या उडीमागची भीती मुलाला दिसत नाही, आणि दुसऱ्याच्या भीतीवर हसायची सवय मात्र लागते. याला उत्तर द्यायचं असेल, तर आपले कार्यक्रम तितकेच रंजक हवेत. शिवाय ते मोबाइलवरही मिळायला हवेत.

आपली वागणूकही तपासू या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. चित्रीकरणात प्राणी वापरण्याविषयीचे नियम २००१ चे आहेत. ते पाळायचेच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. प्राण्याला बांधून, उपाशी ठेवून किंवा घाबरवून मिळवलेलं दृश्य कितीही देखणं असलं, तरी ते कापून टाका. ज्या चित्रीकरणात प्राण्याचा छळ झाला, त्यातून दयेचा धडा देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

शिक्षकांना विनंती आहे की, कार्यक्रम संपल्यावर टीव्ही बंद करून मुलांना अंगणात न्या. एखादी चिमणी, खार किंवा गोठ्यातलं वासरू हात न लावता दहा मिनिटं बघायला सांगा. जे दिसलं ते त्यांच्याच शब्दांत लिहू द्या. आणि निर्माते मित्रहो, ती वह्यांतली पानं मागवून घ्या. आपल्या पुढच्या भागांची संहिता तिथून सुरू होऊ द्या.