समाचार वेळेवर घ्यावा
(ज्युबिलीच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामात आजवर किती बाप्तिस्मे व किती विवाह झाले, याचे आकडे या मंगल प्रसंगी आपण अभिमानाने वाचीत आहो. आम्ही मात्र त्या आकड्यांत मोजल्या गेलेल्या माणसांचा पुढे समाचार कोणी व केव्हा घेतला, याविषयी दोन शब्द बोलणार आहो.

तामिळ देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर मोती काढणारे परवर लोक राहत. १५३५ ते १५३७ च्या सुमारास त्यांच्यापैकी हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. संस्कार झाला आणि बाप्तिस्मा देणारे निघून गेले. १५४२ च्या अखेरीस संत फ्रान्सिस झेवियर तेथे पोहोचले, तेव्हा आपण ख्रिस्ती आहो, एवढेच काय ते त्या बिचाऱ्यांस ठाऊक होते. दोष त्या भोळ्या लोकांचा, असे कोण म्हणेल?

झेवियरांनी तामिळ जाणणाऱ्यांस जवळ बसवून प्रार्थनांचे भाषांतर करविले, ते स्वतः पाठ केले व हाती घंटा घेऊन गावोगाव मुले जमविली. पुढे १५४४ साली बडगा शिपायांनी किनाऱ्यावर धाड घातली आणि ख्रिस्ती लोक जीव घेऊन कन्याकुमारीजवळच्या खडकांत लपले. हे कानी पडताच झेवियर अन्नपाण्याच्या वीस नावा घेऊन निघाले. वारा प्रतिकूल, नावा पुढे सरेनात. तेव्हा ते पायीच गेले. त्याच वर्षी मान्सिल्हास या आपल्या सहकाऱ्यास त्यांनी धाडलेली पुष्कळ पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत गहन तत्त्वज्ञान नाही. गावोगाव फिरत राहा, नवजात अर्भकांच्या बाप्तिस्म्यास विलंब करू नको, लोकांशी गोडीने वाग, हेच पुनःपुन्हा. आम्हांस ती पत्रे कित्येक जाड ग्रंथांहून अधिक उपयोगी वाटतात.

आता आपल्याकडे पाहू. घरात मृत्यू झाला की अंत्ययात्रेस सारी वाडी लोटते. महिन्याच्या मिस्सेपर्यंत माणसांचा राबता असतो. त्यानंतर दिवेलागणीस एकट्या बसलेल्या त्या विधवेकडे कोण जातो? कोणी तरुण दोन रविवार मिस्सेस दिसला नाही, तर तिसऱ्या रविवारी ‘बाबा रे, बरा आहेस ना?’ असे विचारणे किती सोपे! तेच वर्षाने विचारू गेल्यास तो संकोचतो, आपणही संकोचतो, आणि विचारपूस त्याला तगाद्यासारखी वाटते.

आजाऱ्याविषयी तर स्पष्टच बोलतो. ‘फादर आले म्हणजे आजारी घाबरेल’ अशा समजुतीने आम्हांस निरोप येतो तो वाचा गेल्यावर. रुग्णाभ्यंग हा केवळ शेवटच्या घटकेस द्यावयाचा संस्कार नव्हे, हे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६३ सालीच सांगितले आहे. आजारी शुद्धीवर असता, पापनिवेदन करण्याची त्याला शक्ती असता आम्हांस बोलवा. रात्र असो, पाऊस असो.

देवालयाच्या दाराशी आजपासून एक वही ठेविली आहे. वाडीत कोणी आजारी पडले, कोणाचे नवे बिऱ्हाड आले, कोणाच्या घरी दुःख झाले, तर त्याच दिवशी तीत नोंद करावी. ज्यांस लिहिता येत नाही, त्यांनी आमच्याकडे येऊन तोंडी सांगावे. आठ दिवसांच्या आत आम्ही, अथवा त्या वाडीतील कोणी वडीलधारे, त्या घरी जाऊ.