हजर



वर्गात नाव पुकारले की आपण 'हजर' म्हणतो. पण शरीर चटईवर आणि मन चुलीपाशी, असे पुष्कळदा होते. त्यात नवल नाही. ओळखीच्या वाटेने पाय आपोआप चालतात. आंबा मोहरला तरी तो दिसत नाही. तेच कधी अनोळखी घाटाने उतरा बघू! दगड न् दगड दिसतो. कान जागे होतात. त्या घडीला माणूस तिथे सगळाच्या सगळा हजर असतो.

सवयीचे कुंपण ओलांडले की असे होते. त्याविषयी आज बोलू.

लांब कशाला जा? आपल्या महाडचेच घ्या. चवदार तळे आपण सर्वांनी पाहिले आहे. एके काळी त्या तळ्यावर गुरे पाणी पीत. पण ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्या माणसांना तिथे मज्जाव होता. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा तो ठराव. तो मंजूर झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले केले. पण कुठे? कागदावर! पाण्याला कोणी गेले नाही. जाणार तरी कसे? पिढ्यान्‌पिढ्या पाय तिकडे वळलेच नव्हते. आणि याला नुसती सवय म्हणणे बरोबर नाही. तो जुलूम होता. गेल्यास मार बसेल हे भय खरे होते.

मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. रामचंद्र बाबाजी मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे अशी मंडळी खटपट करीत होती. पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत माणसे आली. भाकरी बांधून, पायी आली. परिषदेला पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. तळे जवळच होते, बरं का!

२० तारखेला मिरवणूक बाजारातून निघाली. तळ्याशी गेली. डॉ. आंबेडकर पाण्याशी उतरले. त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, प्याले. मागोमाग बाकीची माणसे प्याली. एखाद्या म्हाताऱ्याच्या पायाला त्या दिवशी पाण्याचा गारवा कसा लागला असेल! आयुष्यभर तो बाजूने मान खाली घालून गेला असेल. त्या दिवशी तो स्वतःला दिसला. गावालाही दिसला. आम्हांला वाटते, हजर असणे म्हणजे हेच.

किंमत लगेच द्यावी लागली. आता हे देवळात शिरणार, अशी खोटी आवई उठली. जमाव लाठ्या घेऊन आला. कित्येकांना मार बसला. तरी डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. पुढे तळ्याची 'शुद्धी' केली गेली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात माणसे पुन्हा महाडला जमली. तळ्यावर जायला तेव्हा कोर्टाची मनाई होती. शेवटी १९३७ साली मुंबईच्या हायकोर्टात निकाल त्यांच्या बाजूने लागला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

डिसेंबरच्या त्या परिषदेनंतर बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. लुगडे घोट्यापर्यंत नेसा, अंगावरचे जड दागिने टाका, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. जातीची खूण म्हणून जे अंगावर होते, तेच उतरवायचे. हे काही सोपे नव्हते. तळ्यावर जाणे एका दिवसाचे. हे तर रोज सकाळचे.

आता कोणी म्हणेल, भीती वाटते तिथे उडी मारायची की काय? तसे नव्हे. पावसाळ्यात सावित्री दुथडी भरली की तीत उडी घेणारा धाडसी नसतो, खुळा असतो. ज्या पावलाने आपले काही खरे अडले आहे, तेच पाऊल टाकायचे.

आपल्या वर्गातल्या भगिनी आता सही करतात. अंगठा सुटला. पण ग्रामसभेत मागे, भिंतीला टेकून बसतात. पोलादपूरकडच्या वाड्यांतही आम्ही हेच बघतो. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे. तिथे तरी एकीने उभे राहावे. घसा कोरडा पडेल. पहिले वाक्य अर्धेच येईल. येऊ द्या. दुसरीने ते पुरे करावे.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेची नोटीस आम्ही फळ्यावर उतरून ठेवली आहे. चौथा विषय नळाच्या पाण्याचा आहे. दिवा जरा जवळ घ्या. ती आज सगळे मिळून वाचू, आणि कोण काय विचारणार तेही ठरवू.