विद्वानांची परदेशवारी

अध्यापनात मुरलेल्या प्राध्यापकास तासिका व परीक्षा यांच्या ओझ्यातून काही काळ मुक्त करून, त्याच्या निर्वाहाचा खर्च पत्करून, एखाद्या परदेशी संस्थेने त्यास केवळ संशोधनार्थ पाचारण करावे, ही प्रथा विद्येस अत्यंत उपकारक आहे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक असताना, १९४८-४९ साली युनेस्कोच्या अधिछात्रवृत्तीवर गणकयंत्रांच्या अभ्यासासाठी इंग्लंड-अमेरिकेस गेले. शिकागोस त्यांनी भूमिती शिकवली व प्रिन्स्टनलाही वास्तव्य केले. अध्यापकांना अशाच परदेशवारीची संधी देणारी, भारत-अमेरिका करारान्वये १९५० साली सुरू झालेली फुलब्राइट योजना आज फुलब्राइट-नेहरू नावाने चालू आहे. इच्छापूर-बऱ्हाणपूरकडील अनुभवी अध्यापकांनी, हा मान महानगरांचाच असे न समजता, मुदतीत अर्ज अवश्य गुजरावा.